बॅटरी भरली किती, उरली किती?

परिपाठ, सहल, वसतिगृहाच्या अंगणातील सभा अशा प्रसंगी आपल्या शाळेत आता बिनतारी स्पीकर रूढ झाला आहे. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून भेट दिलेला असाच एक स्पीकर वक्तृत्व स्पर्धेच्या वेळी, वीज गेलेली असताना, मध्येच मुका झाला. प्रथमच व्यासपीठावर उभी राहिलेली सातवीतील विद्यार्थिनी वाक्य अर्धे टाकून थांबली. कार्यक्रमाच्या आरंभी स्पीकरवरील सर्व दिवे पेटलेले सर्वांनी पाहिले होते. मग हे घडले कसे? या प्रश्नाचा शोध घेताना जे हाती आले, ते येथे मांडत आहे.

बॅटरीविषयी दोन वेगळे प्रश्न विचारावे लागतात. ती आता किती भरलेली आहे, हा पहिला. पूर्ण भरल्यावर तिच्यात मुळात किती मावते, हा दुसरा. तळाशी गाळ साचलेली विहीर काठोकाठ भरलेली दिसते, पण तिच्यातील पाणी पूर्वीइतके नसते. स्पीकरवरील दिवे केवळ काठ दाखवतात, गाळ दाखवत नाहीत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. बहुतेक स्पीकरवर दिव्यांची ओळ किंवा रंग बदलणारा एक दिवा असतो. काही स्पीकर सुरू करताच बॅटरीची टक्केवारी बोलून सांगतात. स्पीकर ब्लूटूथने जोडल्यावर अनेक मोबाइलच्या ब्लूटूथ सेटिंगमध्येही त्याची टक्केवारी दिसते. मात्र हा आकडा पुष्कळदा दहा-दहा टक्क्यांच्या टप्प्यांनी बदलतो, म्हणून तो अंदाज समजावा.

दुसऱ्या प्रश्नासाठी बॅटरीचा स्वभाव जाणून घ्यावा लागतो. या स्पीकरमध्ये सामान्यतः लिथियम-आयन बॅटरी असते. अशी बॅटरी 1991 मध्ये बाजारात आली आणि तिच्या विकासासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तिचा प्रत्येक घट पूर्ण भरल्यावर साधारण 4.2 व्होल्ट दाब देतो आणि रिकामा होताना तो 3 व्होल्टच्या आसपास उतरतो. वापर, वय व उष्णता यांमुळे तिची साठवणक्षमता घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. त्यामुळे मोठ्या आवाजाची मागणी येताच दाब एकाएकी खाली येतो आणि टक्केवारी शिल्लक दिसत असतानाही स्पीकर बंद पडतो.

बहुतेक स्पीकर ही क्षमता सांगत नाहीत. ती आपणच मोजावी. स्पीकर पूर्ण भरावा, चार्जरपासून सोडवावा, आवाज निम्म्यावर ठेवावा आणि तेच ध्वनिमुद्रण अखंड वाजवावे. सुरुवातीची व बंद पडल्याची वेळ लिहावी. पुढील प्रत्येक चाचणीत आवाज व ध्वनिमुद्रण तेच असावे, अन्यथा तुलना व्यर्थ ठरते. नवा असताना 12 तास चाललेला स्पीकर आज 9 तास चालत असेल, तर क्षमता 75 टक्के उरली, असा हिशेब होतो. बॅटरी पूर्ण रिकामी करणे तिला मानवत नाही, म्हणून सत्रातून एकदा ही चाचणी पुरे.

आमची अडचण येथेच होती. नव्या अवस्थेची नोंद आमच्याकडे नव्हती. खोक्यावर तासांचा आकडा होता, परंतु तो उत्पादकाचा दावा होता, आपले मोजमाप नव्हे. इतिहासाच्या अभ्यासात दावा आणि पुरावा यांत भेद करण्यास शिकवणाऱ्या आम्हालाच तो धडा येथे गिरवावा लागला. म्हणून नवी वस्तू येताच पहिल्याच आठवड्यात चाचणी घेऊन नोंद करावी.

एका बाबतीत मात्र चाचणीची वाट पाहू नये. स्पीकरचे आवरण फुगले, शिवण उकलली, चार्ज होताना तो असह्य तापला किंवा त्यातून वेगळा वास आला, तर वापर व चार्जिंग तत्काळ थांबवावे. अशी बॅटरी टोचू वा दाबू नये, कारण ती पेट घेऊ शकते. मुले झोपतात त्या खोलीत रात्रभर चार्जिंगला काहीही लावून ठेवू नये. निकामी बॅटरी कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलन केंद्राकडे द्यावी. देशात 2022 पासून बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम लागू आहेत. सुट्टीपूर्वी स्पीकर निम्मा भरून, बंद करून, थंड व कोरड्या जागी ठेवावा.

आमच्या स्पीकरची चाचणी घेतली, तेव्हा तो साडेसात तास चालला. परिपाठाला तो उत्तम पुरतो, लांबलेल्या सभेसाठी मात्र जवळ पॉवर बँक ठेवावी लागते. भेट मोडीत निघाली नाही, तिची मर्यादा समजली. त्या नोंदवहीची जबाबदारी आता वाक्य अर्ध्यावर थांबलेल्या त्याच विद्यार्थिनीकडे आहे आणि प्रत्येक कार्यक्रमापूर्वी ती आम्हाला विचारते, “किती तास चालवायचा आहे?”