विद्यार्थी गट आणि लोकसंघटना : छत्तीसगडचा धडा

आरोग्यातील विषमता हा केवळ वैद्यकशास्त्राचा प्रश्न नाही. ज्या आजारावरचा उपचार सर्वांना ठाऊक आहे, त्याच आजाराने एका वस्तीतील माणूस बरा होतो आणि दुसऱ्या वस्तीतील माणूस दगावतो, तेव्हा उणीव ज्ञानाची नसते; ते ज्ञान पोहोचविणाऱ्या व्यवस्थेची असते. १९७८ साली सोव्हिएत संघातील अल्माआता येथे भरलेल्या जागतिक परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेची योजना आखण्यात आणि ती चालविण्यात भाग घेणे हा लोकांचा हक्क आहे व कर्तव्यही आहे, असे जाहीर केले. या घोषणेनंतर जगात अनेक ठिकाणी विद्यार्थ्यांचे गट लोकसंघटनांशी नाते जोडू लागले. त्यामागील हेतूबद्दल सहसा शंका घेण्याचे कारण नसते. तथापि हेतू चांगला असला म्हणजे कार्य चांगले होतेच, असे मात्र नाही. असे नाते कोणत्या अटींवर टिकते आणि त्याला पाठबळ द्यावयाचे तर ते कसे द्यावे, याचा विचार करण्यास छत्तीसगडसारखा दुसरा प्रदेश क्वचितच सापडेल.

रायपूर शहर नागपूरहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसलेले असून २००० सालच्या १ नोव्हेंबरपासून ते छत्तीसगड राज्याच्या राजधानीचे स्थान आहे. येथे १९६३ साली वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. २०१२ साली अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे काम सुरू झाले. म्हणजे वैद्यकाचे विद्यार्थी या शहराला नवे नाहीत. परंतु या प्रदेशातील आरोग्याच्या इतिहासातले काही महत्त्वाचे अध्याय लिहिले गेले ते शहराबाहेर, खाणीत आणि जंगलाकाठच्या खेड्यांत.

दल्ली राजहरा

रायपूरच्या दक्षिणेस, पूर्वी दुर्ग जिल्ह्यात आणि २०१२ पासून बालोद जिल्ह्यात मोडणारे दल्ली राजहरा हे लोहखनिजाच्या खाणींचे गाव आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याला येथून खनिज जाते. १९७७ साली येथील कंत्राटी मजुरांनी शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली आपली स्वतंत्र संघटना उभारली. त्याच वर्षी जूनच्या २ व ३ तारखांना झालेल्या पोलीस गोळीबारात अकरा जणांचे प्राण गेले. पुढे संघटनेतील एक अग्रणी कार्यकर्ती कुसुमबाई बाळंतपणात वेळेवर उपचार न मिळाल्यामुळे मरण पावली. या मृत्यूने मजुरांच्या मनात एक गोष्ट पक्की केली. मजुरी वाढली तरी बाळंतिणीला दार उघडे नसेल, तर त्या वाढीचा उपयोग मर्यादितच राहणार. आपले रुग्णालय आपणच बांधावयाचे, असा निश्चय झाला.

येथे कालक्रमाकडे नीट लक्ष दिले पाहिजे. डॉक्टर येण्यापूर्वीच मजुरांची संघटना उभी होती आणि रुग्णालय का हवे, याचे उत्तरही तिच्यापाशी तयार होते. डॉ. विनायक सेन, डॉ. आशिष कुंडू आदी तरुण डॉक्टर १९८१ च्या सुमारास आले, डॉ. शैबाल जाना व डॉ. पुण्यव्रत गुण त्यानंतर आले. यांतील काही जण कलकत्त्याच्या विद्यार्थी चळवळीत घडलेले होते. आरोग्य हा हक्क आहे, दान नव्हे, ही भूमिका घेऊन तेथील कनिष्ठ डॉक्टरांनी १९८३ साली मोठे आंदोलन केले होते. महाविद्यालयात असताना जो विचार घोषणेच्या रूपात होता, त्याला दल्ली राजहऱ्यात रोजच्या कामाचे रूप मिळाले.

१९८२ साली प्रथम साधा दवाखाना सुरू झाला आणि १९८३ सालच्या ३ जूनला, गोळीबाराच्या स्मृतिदिनी, शहीद रुग्णालयाचे उद्घाटन झाले. आरंभी पंधरा खाटा होत्या. मजुरांनी वर्गणी काढली, स्वतः श्रम करून इमारत उभी केली, आणि बाहेरच्या अनुदानावर विसंबून राहावयाचे नाही असे ठरविले. खाणीत काम करणाऱ्यांपैकीच काही जणांना आरोग्यसेवकाचे शिक्षण देण्यात आले. अतिसार झालेल्या मुलाला घरच्या घरी मीठसाखरेचे पाणी द्यावे, अकारण सलाईन व सुई यांच्या मागे लागू नये, निरुपयोगी औषधांवर पैसा घालवू नये, हे शिक्षण औषधांबरोबरच दिले जाई. दारूबंदीची मोहीम तर संघटनेने आधीपासूनच चालविली होती. डॉक्टरांनी तिला शास्त्राचा आधार दिला; मोहीम मात्र मजुरांचीच राहिली.

१९९१ सालच्या २८ सप्टेंबरला भिलाई येथे नियोगी यांची हत्या झाली. काही डॉक्टर पुढे अन्यत्र गेले. तरीही रुग्णालय बंद पडले नाही. याचे कारण उघड आहे. जे काम एखाद्या पाहुण्याच्या उत्साहावर उभे असते ते पाहुण्याबरोबर निघून जाते. जे काम गावाच्या गरजेतून आणि गावाच्या वर्गणीतून उभे राहते, त्याला माणसे बदलली तरी तग धरता येतो.

गनियारी

दुसरे उदाहरण बिलासपूर जिल्ह्यातील आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शिकलेल्या डॉक्टरांच्या एका गटाने १९९६ साली जन स्वास्थ्य सहयोग ही संस्था स्थापन केली आणि बिलासपूरजवळच्या गनियारी या खेड्यात पाटबंधारे खात्याच्या ओस पडलेल्या इमारतींत २००० साली रुग्णसेवेस प्रारंभ केला. विद्यार्थिदशेतील स्नेह व चर्चा यांचे रूपांतर आयुष्यभराच्या कामात कसे होऊ शकते, याचा हा नमुना होय.

या संस्थेची एक साधी युक्ती सांगण्यासारखी आहे. जंगलातील गावी कुणाला ताप आला की गावातील आरोग्यसेविका रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर घेते. ती पट्टी प्रवासी बसच्या चालकाच्या हाती गनियारीला पोहोचते, तेथे हिवतापाची तपासणी होते आणि अहवाल बसनेच परत येतो. येथे नवे यंत्र नाही, मोठा खर्च नाही. गावातून रोज कोणती बस किती वाजता जाते, ही माहिती मात्र हवी. आणि ती माहिती गावापाशीच असते.

गनियारीतील अनुभवाने जगाच्या ज्ञानातही भर घातली. २००४ ते २००९ या काळात तेथे आलेल्या फुप्फुसाच्या क्षयाच्या १,६९५ प्रौढ रुग्णांची वजने पाहण्यात आली. पुरुषांचे मध्यक वजन ४२.१ किलोग्रॅम आणि स्त्रियांचे ३४.१ किलोग्रॅम भरले. म्हणजे निम्म्या स्त्रियांचे वजन याहूनही कमी होते. हे आकडे २०१३ साली प्रसिद्ध झाले. क्षयरोग्याला औषधाच्या गोळ्यांबरोबर अन्नही दिले पाहिजे, हा विचार त्यातून बळावला. या संस्थेत पूर्वी काम केलेल्या डॉ. अनुराग भार्गव व डॉ. माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखाली झारखंडच्या चार जिल्ह्यांत क्षयरोग्यांच्या कुटुंबीयांना शिधा देऊन मोठा अभ्यास करण्यात आला. अशा कुटुंबांत नव्या क्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष २०२३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ज्याला जागतिक आरोग्यसमता म्हणतात, तिचा मार्ग केवळ परदेशातून खेड्याकडे येत नाही. तो खेड्यातील वजनकाट्यापासून जगाकडेही जातो.

मितानिन

छत्तीसगडी लोकजीवनात 'मितान' बदण्याची जुनी चाल आहे. विधिपूर्वक जोडलेले हे मैत्र रक्ताच्या नात्याइतकेच मानले जाते. अशा मैत्रिणीला 'मितानिन' म्हणतात. २००२ साली राज्यात सुरू झालेल्या आरोग्यसेविकांच्या योजनेला हेच नाव देण्यात आले. शासन आणि स्वयंसेवी संस्था यांच्या सहकार्यातून रायपुरात स्थापन झालेल्या राज्य आरोग्य संसाधन केंद्राने तिची आखणी केली. गावाला एक सेविका न नेमता प्रत्येक पाऱ्याला, म्हणजे वस्तीला, एक मितानिन असावी आणि तिची निवड त्या वस्तीनेच करावी, असे ठरले. काही वर्षांतच मितानिनींची संख्या सुमारे साठ हजारांवर पोहोचली. २००५ साली देशभर 'आशा' कार्यकर्त्यांची योजना आली, तेव्हा छत्तीसगडचा हा अनुभव तिच्यापुढे होता.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने या योजनेचे महत्त्व असे, की वस्तीत पाऊल टाकताना त्यांना वाट दाखविणारी व्यक्ती तेथे अगोदरच आहे. कोणत्या घरात बाळंतपण जवळ आले आहे, कुणाच्या मुलाचे वजन वाढत नाही, कुणी गोळ्या मध्येच सोडल्या, हे तिला ठाऊक असते. तिला वगळून केलेली पाहणी कितीही सुबक असली तरी अपुरीच राहते.

नात्याच्या अटी

या उदाहरणांवरून काही नियम काढता येतात. विद्यार्थी गटांना साहाय्य करणारी महाविद्यालये, विद्यापीठे व विश्वस्त निधी यांनी ते विशेष ध्यानात घ्यावेत.

पहिला नियम असा, की प्रश्न संघटनेने ठरवावा. विद्यार्थ्यांना शिबिर भरवावेसे वाटते. गावाला कदाचित विहिरीच्या पाण्याची तपासणी हवी असते. अशा वेळी विहीर आधी आली पाहिजे.

दुसरा नियम सातत्याचा. विद्यार्थी चारपाच वर्षांत महाविद्यालय सोडतो. संघटना तेथेच राहते आणि आजारही तेथेच राहतो. म्हणून नाते व्यक्तीचे नसून गटाचे असावे आणि ते एकाच संघटनेशी दीर्घकाळ असावे. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९६९ सालच्या स्थापनेपासून ही दृष्टी दिसते. तेथे नव्या विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तेथे राहून कुटुंबांची ओळख करून घेते आणि पुढेही त्या गावी जात राहते. जाणाऱ्या तुकडीने येणाऱ्या तुकडीच्या हाती नोंदवही द्यावी आणि तिची एक प्रत संघटनेपाशी असावी, इतकी दक्षता घेतली तरी पुष्कळ पुनरुक्ती टळेल.

तिसरा नियम खर्चाचा. पाहुणचार फुकट होत नसतो. दहा विद्यार्थी पंधरा दिवस राहिले आणि त्यांच्याबरोबर दोन कार्यकर्ते फिरले, तर संघटनेचे तीस कामाचे दिवस खर्ची पडतात. मितानिन बरोबर आली तर तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. विद्यार्थ्यांच्या प्रवासाची व निवासाची तरतूद करणाऱ्या निधीने हे दिवसही हिशेबात धरले पाहिजेत.

चौथा नियम मर्यादेचा. जे काम विद्यार्थ्याला आपल्या शहरातील रुग्णालयात वरिष्ठांच्या देखरेखीवाचून करता येत नाही, ते खेड्यातही करता कामा नये. गरीब रुग्ण हा सरावाचे साधन नव्हे. त्याचे छायाचित्र किंवा त्याच्या आजाराची माहिती त्याच्या संमतीशिवाय घेऊ नये. आणि जी माहिती गोळा केली, तिचा निष्कर्ष त्याच्या भाषेत, त्याच्या वस्तीत जाऊन सांगितल्याशिवाय काम पुरे झाले असे समजू नये. यासाठी हिंदीबरोबर छत्तीसगडी, आणि बस्तरकडे गेल्यास गोंडी किंवा हलबी, कामापुरती शिकणे हा सौजन्याचा भाग नसून उपचाराचाच भाग आहे.

पाचवा नियम बहुधा विसरला जातो. विद्यार्थ्याची खरी शक्ती खेड्यात नसते, त्याच्या स्वतःच्या संस्थेत असते. २००१ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात हे प्रत्ययास आले. एड्सवरील एका औषधाचा शोध त्या विद्यापीठात लागला होता व त्याचे हक्क एका औषध कंपनीला दिलेले होते. दक्षिण आफ्रिकेत ते औषध स्वस्तात मिळावे म्हणून 'सीमांविना डॉक्टर' या संघटनेने विद्यापीठाकडे मागणी केली. विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी ती उचलून धरली, आणि अखेर कंपनीने तेथे आपल्या एकस्वाचा आग्रह सोडला. हे विद्यार्थी आफ्रिकेत गेले नव्हते. आपल्याच विद्यापीठाच्या दारात उभे राहिले होते.

रायपूरच्या विद्यार्थ्यालाही असे दार जवळच आहे. दूरच्या खेड्यातून मितानिनीने पाठविलेला रुग्ण शहरात 'मेकाहारा' या लोकप्रिय नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या रुग्णालयात येतो. कोणत्या खिडकीवर चिठ्ठी मिळते, रक्ततपासणी कोठे होते, डॉक्टर काय म्हणाले, यांपैकी काहीच त्याला कळत नसेल, तर एक दिवसाची मजुरी आणि भाड्याचे पैसे घालवून तो उपचाराविना परत जातो. त्याला हाताशी धरून नेणारा, डॉक्टरांचे म्हणणे छत्तीसगडीत समजावून सांगणारा आणि तो गावी पोहोचल्यावर मितानिनीला निरोप धाडणारा विद्यार्थी गट उभा राहिला, तर त्यास मोठा निधी लागणार नाही. लागेल तो वेळापत्रकाचा नेम, एका अध्यापकाचे मार्गदर्शन आणि वर्षानुवर्षे चालू राहणारी नोंदवही.

दल्ली राजहऱ्याच्या मजुरांना कुसुमबाईच्या मृत्यूनंतर डॉक्टर हवे होते. त्राते नको होते. जे तरुण आले त्यांनी हा भेद ओळखला, म्हणून त्यांचे शिक्षण तेथे उपयोगी पडले. विद्यार्थी गटांना साहाय्य करणाऱ्या प्रत्येक संस्थेने वर्षअखेरीस एकच प्रश्न विचारावा : गट निघून गेल्यावर संघटनेचे बळ वाढले की केवळ तिचे काम वाढले? या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थ्यांच्या अहवालात शोधू नये. ते संघटनेच्याच तोंडून ऐकावे.