सुडोकूतील साखळीचा विचार

महोत्सवी स्मरणिकेत अहवाल, हिशेब आणि शुभेच्छा यांच्या शेजारी आकड्यांचे कोडे कशासाठी, असे काही सभासद विचारतील. आपल्या जोयडा तालुक्यात पावसाळ्यात वीज आणि फोन यांचा भरवसा धरता येत नाही. सुडोकूस मात्र कागद आणि पेन्सिल पुरते. सोपी कोडी घरातील मुलेही सोडवितात. अवघड कोडे निम्म्यावर अडते, आणि मग "इथे ४ असावा" असे म्हणून पुष्कळ जण अंक टाकून मोकळे होतात. त्या अडलेल्या जागी काय करावे, एवढाच या पाठाचा विषय आहे.

प्रत्येक ओळीत, स्तंभात व नऊ घरांच्या चौकटीत १ ते ९ हे अंक एकेकदाच यावयाचे, हे वाचकांस ठाऊक आहे. घराचा पत्ता आम्ही आधी ओळ व मग स्तंभ असा देऊ. २-८ म्हणजे वरून दुसऱ्या ओळीतील डावीकडून आठवे घर. प्रथम प्रत्येक रिकाम्या घराच्या कोपऱ्यात तेथे अद्याप शक्य असलेले सर्व अंक बारीक लिहून काढावेत. काम कंटाळवाणे आहे खरे. पण त्यात एक अंक लिहावयाचा राहिला, तर पुढची सारी साखळी खोटी पडते.

साखळीत दुवे दोन प्रकारचे. एखाद्या ओळीत ७ साठी दोनच घरे उरली असतील, तर एकात ७ नाही म्हणजे दुसऱ्यात तो असलाच पाहिजे. ओढ्यापलीकडच्या वाडीस दोनच साकव असावेत आणि एक वाहून जावा, म्हणजे माणसे यावयाची ती दुसऱ्यावरूनच. यास आम्ही पक्का दुवा म्हणू. एका घरात दोनच अंक शक्य असले, तर त्या दोन अंकांतही असाच पक्का दुवा असतो. उलट, एकाच स्तंभातील दोन घरांत ७ शक्य आहे, पण त्या स्तंभात तो आणखीही कुठे शक्य आहे. तेथे "एकात असेल तर दुसऱ्यात नाही" एवढेच म्हणता येते. हा कच्चा दुवा. कच्चा म्हणजे संशयाचा नव्हे. तो एकाच बाजूने बोलतो इतकेच. साखळी पक्क्या दुव्याने सुरू व्हावी, मग कच्चा, पुन्हा पक्का, अशी जाऊन पक्क्यावरच संपावी.

उदाहरण घेऊ. दुसऱ्या ओळीत ७ फक्त २-३ आणि २-८ येथे शक्य आहे. सहाव्या ओळीत फक्त ६-३ आणि ६-९ येथे. २-३ आणि ६-३ एकाच स्तंभात असल्याने दोन्हींत ७ येणार नाही. म्हणजे २-८ व ६-९ यांपैकी निदान एकात ७ आहेच. कोणत्या, हे आपणांस कळलेले नाही, आणि कळण्याची गरजही नाही. जी घरे या दोन्ही टोकांच्या नजरेत आहेत, म्हणजे प्रत्येक टोकाशी ओळ, स्तंभ वा चौकट यांपैकी काहीतरी समान असलेली, त्यांतून ७ खोडावा. ती घरे १-९, ३-९, ४-८ आणि ५-८. इतकेच करावे. नवशिका उत्साहाने २-८ मध्ये ७ लिहून टाकतो आणि तेथेच कोडे बिघडते.

दुसरी साखळी अंक बदलत जाते. १-१ मध्ये २ व ५, १-७ मध्ये ५ व ८, ५-७ मध्ये ८ व ३, ५-२ मध्ये ३ व २ एवढेच अंक शक्य आहेत असे समजा. १-१ मध्ये २ नसेल, तर तेथे ५. म्हणून १-७ मध्ये ८. म्हणून ५-७ मध्ये ३. म्हणून ५-२ मध्ये २. अर्थात १-१ मध्ये २ आहे, नाहीतर ५-२ मध्ये आहे. मग १-२, २-२, ३-२, ४-१, ५-१ व ६-१ या सहाही घरांतून २ जातो. उलट टोकाकडून वाचून पाहा; निष्कर्ष तोच येतो. साखळी खरी आहे की नाही, याची ही सोपी परीक्षा.

कोणी म्हणेल, "नसेल तर" म्हणणे हाही अंदाजच की! आम्हांस हे मान्य नाही. अंदाज खरा ठरला तरच उपयोगी. चुकला तर पन्नास अंक पुसावे लागतात. साखळीचा निष्कर्ष दोन्ही बाजू धरून निघतो, म्हणून १-१ मध्ये काहीही निघाले तरी तो टिकतो.

थोर माणसाचा अंदाजही अंदाजच. ओळीत व स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच यावे अशा चौरसास लॅटिन चौरस म्हणतात; सुडोकूत त्यावर चौकटीची अट वाढते. असे दोन चौरस एकमेकांवर ठेवल्यास प्रत्येक जोडी एकदाच यावी, हे ६, १०, १४ अशा मापांत अशक्य, असे ऑयलरने १७८२ मध्ये म्हटले. ६ पुरते ते खरे ठरले. पुढचे मात्र १७७ वर्षांनी, १९५९ साली, राजचंद्र बोस, शरच्चंद्र श्रीखंडे आणि पार्कर या तिघांनी खोटे पाडले. श्रीखंडे यांचा जन्म १९१७ मध्ये सागर येथे झाला. ते पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते, आणि २०२० मध्ये १०२ वर्षांचे होऊन वारले. मराठी घरांत हे नाव अधिक ठाऊक असावयास हवे होते. असो.

वाचकांनी आता स्वतः करून पाहावे. तिसऱ्या ओळीत ५ फक्त ३-२ व ३-६ येथे, आठव्या ओळीत फक्त ८-२ व ८-५ येथे शक्य आहे. ५ कोणत्या घरांतून जाईल? पेन्सिलीने चौकोन आखून आधी स्वतः शोधावे, आणि मगच पुढील ओळ वाचावी.

उत्तर: १-५, २-५, ७-६ आणि ९-६.