सूर्य डोंगरीचाच आहे ना?

खोलीत किती उजेड पडेल हे नकाशावरच सांगणारं सॉफ्टवेअर करायचं असेल, तर प्रकाशाचं गणित पहिल्यापासून लिहायच्या फंदात पडू नका. ‘रेडियन्स’ हे रे-ट्रेसिंग इंजिन ग्रेग वॉर्ड यांनी १९८०च्या दशकात अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत लिहायला घेतलं. २००२पासून ते मुक्त परवान्यावर मिळतं आणि आजही डोळे मिटून विसंबावं असंच आहे. जपायचं ते आपला प्रोग्राम आणि ते इंजिन यांच्या सांध्याला.

एका वास्तुविशारदांसाठी असं सॉफ्टवेअर मी हाती घेतलं, तेव्हा ते दुसऱ्या कुणीतरी अर्धवट सोडलेलं होतं. पडताळणीला मी आमच्या डोंगरी गावातलंच एक कौलारू घर निवडलं. पडद्यावरचं चित्र देखणं होतं, पण त्यात जूनच्या भर दुपारी दक्षिणेच्या खिडकीतून उन्हाचा पट्टा आत आला होता. डोंगरी उत्तर अक्षांश १९.३ अंशांवर. मेच्या मध्यापासून जुलै संपत येईपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. दक्षिणेकडून ऊन येईलच कुठून?

रेडियन्समधल्या, आकाश रचणाऱ्या ‘जेनस्काय’ प्रोग्रामला ठिकाण सांगितलंच नव्हतं. अशा वेळी तो आपल्या माहेरचं, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याचं आकाश घेतो. ठिकाण भरताना पुढची मेख असते: तिथे पश्चिम रेखांश धन आणि पूर्व ऋण. म्हणजे डोंगरीसाठी रेखांश उणे ७२.८ आणि प्रमाणवेळेचा रेखांश उणे ८२.५ द्यावा लागतो. दोहोंपैकी एकाचंच चिन्ह चुकलं तर इंजिन इशारा देतं. दोन्ही चुकली तर त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं आणि ते हूं की चूं करत नाही. सूर्य मात्र सव्वा तासाहून अधिक पुढे पळालेला असतो. हवामानाच्या ईपीडब्ल्यू फाइलीत उलट पूर्व रेखांश धन असतो. ती फाइल बदलून देणारा रेडियन्समधला प्रोग्राम चिन्ह स्वतःच फिरवतो, आपण पुन्हा फिरवायचं नाही.

याची परीक्षा गच्चीवर होते. साधारण १६ मेला डोंगरीत शून्य सावली असते, पण घड्याळात बाराला नव्हे, १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास, कारण भारतीय प्रमाणवेळ आपल्या बऱ्याच पूर्वेकडच्या रेखांशाची. त्या दिवशी, त्या वेळी सॉफ्टवेअरमधल्या उभ्या काठीची सावली नाहीशी होत नसेल, तर पुढचा एकही आकडा ग्राहकाला दाखवू नका.

आता सांध्याकडे. रेडियन्सची लायब्ररी थेट प्रोग्रामात जोडायचा मोह होतो. पण गंभीर चूक आढळली की ती सगळा प्रोग्रामच बंद करते, आणि वापरणाऱ्याचं न साठवलेलं काम जातं. म्हणून रेडियन्सचा किरण मोजणारा ‘आरट्रेस’ प्रोग्राम वेगळी प्रोसेस म्हणून चालवलेला बरा. त्यातही एक अडचण येते. किरण पाठवून आपण उत्तराची वाट पाहतो, उत्तर त्याच्या बफरमध्ये अडकलेलं असतं, आणि तो आपल्या पुढच्या किरणांची वाट पाहत बसतो. पडदा थिजलेला, प्रोसेसर रिकामा. एक्स पर्यायात १ दिला की प्रत्येक किरणाचं उत्तर लगेच बाहेर पडतं.

उत्तरात तीन रंगांचे आकडे येतात. लाल ०.२६५ने, हिरवा ०.६७०ने आणि निळा ०.०६५ने गुणून बेरीज करायची, तिला १७९ने गुणलं की लक्स मिळतात. खोली काळोखी दिसली तर भिंतींना दोष देऊ नका. अप्रत्यक्ष प्रकाशाच्या उसळ्या मुळात शून्यावर ठेवलेल्या असतात, त्या वाढवाव्या लागतात. वेळ वाचवायला त्या हिशेबाची फाइल साठवत असाल, तर भिंतीचा रंग बदलताच ती पुसा. नाहीतर नवा रंग आणि जुनाच उजेड, असं उत्तर येतं.

शेवटी हातात लक्समीटर हवाच. पावसाळ्यात पूर्ण झाकोळलेल्या दिवशी एक माप मोकळ्या अंगणात आणि दुसरं त्याच वेळी खोलीतल्या टेबलावर घ्यायचं. बाहेरचा उजेड क्षणाक्षणाला बदलतो, म्हणून नुसते लक्स ताडून भागत नाही; आतल्या-बाहेरच्या उजेडाचं प्रमाण झाकोळलेलं आकाश देऊन काढलेल्या उत्तराशी ताडायचं. हे प्रमाण, भिंतींचं गृहीत परावर्तन आणि उसळ्यांची संख्या अहवालाच्या पहिल्याच पानावर छापा. त्यांवरूनच वास्तुविशारद खिडकी लहान-मोठी करणार असतो.