रंग उतरला, ब्रश तसाच

मंडईच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात आलेला नाटकातला माणूस मला दारातूनच ओळखू येतो. कानामागे रंगाची पिवळट रेघ राहून गेलेली असते, गालावर खोबरेल तेल चमकत असतं आणि रात्रभराच्या संवादांनी घसा बसलेला असतो. मागच्या हंगामात असाच एक कलावंत आला, डावा डोळा चिपडाने चिकटलेला. "डागदर साहेब, डोरा उघडतच नाही," म्हणाला. त्याच आठवड्यात त्याच नाटकातली नायिका आली, मग खलनायक. राहायला तिघं तीन गावचे, जेवणखाण वेगळं. मी विचारलं, डोळ्याला काजळ कोण लावतं? उत्तर एकच आलं. मेकअपमन एक, त्याचा ब्रशही एक.

आता भाताची कापणी झाली, भाऊबीज उलटली की आपल्या झाडीपट्टीत पुन्हा नाटकं सुरू होतील. वडसा-देसाईगंजहून गाड्या निघतील आणि मंडई असो की बैलांच्या शर्यतींचा शंकरपट, गावागावांत रात्री दहाला उघडलेला पडदा पहाटेच पडेल. गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्या ५,००० हून अधिक प्रयोगांचा आणि ८०० भूमिकांचा उल्लेख सगळीकडे झाला. लोकांनी अभिनयाबद्दल लिहिलं ते योग्यच. माझ्यासारख्याच्या मनात मात्र आलं की हा चेहरा किती हजार वेळा रंगला आणि पुसला गेला असेल! त्वचेचा असा कस फार थोड्या धंद्यांत लागतो.

पण हा लेख फक्त कलावंतांसाठी नाही. लग्नाच्या घरी काय होतं? एका बहिणीकडे मेकअपचा डबा असतो आणि नवरीपासून करवलीपर्यंत सगळ्यांचे चेहरे त्यातूनच निघतात. आपल्याकडे दुसऱ्याचा टूथब्रश कोणी तोंडात घालणार नाही, दुसऱ्याच्या काजळाची कांडी मात्र बिनदिक्कत डोळ्यात फिरते.

इंग्लंडमधल्या ॲस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली लोकांनी वापरलेली ४६७ सौंदर्यप्रसाधनं तपासली. सर्वांत वाईट निकाल स्पंजांचा लागला. त्यांतले ९३ टक्के कधी धुतलेच नव्हते आणि ६४ टक्के कधी ना कधी जमिनीवर पडूनही तसेच वापरात होते. हे थंड हवेच्या, चोवीस तास नळाला पाणी असलेल्या देशातलं चित्र. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये सिंदेवाहीत चामड्याच्या चपलेवर दोन दिवसांत पांढरी बुरशी येते. बंद डब्यातल्या ओल्या स्पंजाचं काय होत असेल, ते तुम्हीच ओळखा.

जंतूंना तीन गोष्टी लागतात: ओल, खाद्य आणि निवारा. ब्रशच्या केसांत घाम, तेल, त्वचेचा मेलेला कोंडा आणि रंग हे सगळं अडकून राहतं. त्यातून मुरुमं पिकतात, पापणीला रांजणवाडी येते, पापण्यांच्या मुळाशी खपल्या धरतात. डोळे येण्याची साथ एकाकडून दुसऱ्याकडे जायला हाच रस्ता. ओठावरच्या तापाच्या फोडांचे विषाणूही ओठाच्या ब्रशवरून पुढे जाऊ शकतात. गजकर्णाची बुरशी तर आपल्या भागात घराघरांत ठाण मांडून आहे.

धुवायला महागडं द्रावण नको. कोमट पाणी आणि लहान बाळाचा शाम्पू, बस्स. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर अंगाचा साबण वापरू नका. त्याचा चिकट थर केसांवर बसतो आणि ब्रश काथ्यासारखा होतो. नाटकातला तेलकट रंग नुसत्या शाम्पूने सुटत नाही. आधी ब्रशला थोडं खोबरेल तेल चोळा, जुन्या सुती कापडावर रंग पुसून काढा, मग शाम्पू. ब्रशचं तोंड कायम खाली ठेवून तळहातावर गोल फिरवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. केस जिथे धातूच्या पट्टीत बसवलेले असतात तिथपर्यंत पाणी चढू देऊ नका. आत गोंद असतो. तो सुटला की केस गळतात, आणि तिथली ओल लवकर निघतही नाही. म्हणूनच ब्रश रात्रभर भिजत घालणं किंवा उकळणं हे दोन्ही चूक. डेटॉलचे चार थेंब टाकायची सवय अनेकांना आहे. तो नीट निघाला नाही तर पापणीची नाजूक कातडी लाल होऊन खाजते, आणि मग तीच बाई माझ्याकडे "ॲलर्जी झाली" म्हणून येते.

खरं सांगायचं तर धुणं सगळ्यांना जमतं, वाळवण्यात माणूस चुकतो. ओला ब्रश पेल्यात दांडा खाली करून उभा ठेवला की पाणी थेट गोंदात उतरतं. ब्रश पिळा, बोटांनी आकार द्या आणि टेबलाच्या कडेवर असा आडवा ठेवा की केस बाहेर अधांतरी राहतील. किंवा कपड्यांच्या चिमट्याने दोरीला तोंड खाली करून टांगा. सावलीत, वाऱ्यात. जाड ब्रशला पूर्ण दिवस लागतो, पावसाळ्यात पंख्याखालीही तेवढाच. मुळाशी बोट लावून ओल जाणवली तर तो ब्रश डब्यात जाणार नाही. रोजच्या वापरातले फाउंडेशनचे ब्रश आठवड्याला, डोळ्यांचेही फार तर दहा दिवसांनी धुवावेत. वर्षातून दोनदा लग्नाला निघणारा डबा असेल, तर वापरल्यावर लगेच धुऊन, खडखडीत वाळवून ठेवा. पुढच्या लग्नाच्या सकाळी धुवायला घेतलात तर ओलाच वापराल.

स्पंजाबाबत मी कठोर आहे. तो आतून कधी वाळला हे कळतच नाही. साधा फोम आणून त्याचे तुकडे करा, एका चेहऱ्याला एक तुकडा, काम झालं की फेका.

नाटकाच्या रंगपटात एका रात्रीत बारा-पंधरा चेहरे असतात, तिथे प्रत्येक वेळी धुणं शक्य नाही हे मलाही कळतं. तिथे निदान एवढं करावं. डबीत ब्रश न बुडवता चमच्याने थोडा रंग ताटलीत काढून घ्यावा. दोन चेहऱ्यांच्या मध्ये ब्रश कोरडा पुसून त्यावर ७० टक्क्यांचं स्पिरिट मारावं आणि ते पूर्ण उडू द्यावं. शंभर टक्के स्पिरिट जास्त चांगलं, असं वाटतं खरं. पण ते फार लवकर उडतं, आणि जंतू मारायला त्यात थोडं पाणी असावंच लागतं. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा रंगपटातली बिडी बाहेर. डोळे येण्याच्या काही विषाणूंना मात्र स्पिरिट पुरेसं नसतं. म्हणून डोळ्याच्या ब्रशबद्दल तडजोड नको. काजळ-लायनरला प्रत्येकाची आपली कांडी, त्यावर नावाची चिकटपट्टी. ज्याचा डोळा लाल आहे त्याला त्या रात्री डोळ्याचा रंग लावूच नये. भूमिका राजाची असली तरी.

डोळे आले असतील तर त्या काळात वापरलेलं काजळ आणि मस्कारा टाकून द्या. मस्कारा एरवीही तीन महिन्यांच्या पुढे ठेवू नये.

चेहऱ्यावर गोल, कडेने लाल चट्टा आला तर औषधाच्या दुकानातून शेजारणीने सुचवलेली ट्यूब आणू नका. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी आत पसरत राहते आणि महिन्याभराने माझं काम तिप्पट होतं. डोळ्यांच्या थेंबांचंही तसंच. डोळा नुसता लाल आहे, चिपड येतंय, तर उकळून गार केलेल्या पाण्याने स्वच्छ करून एखादा दिवस वाट पाहता येते. पण डोळा ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल, धूसर दिसत असेल किंवा पापणीजवळ पाण्याचे फोड आले असतील, तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात दाखवा. येताना आधी टाकलेल्या थेंबांची बाटली सोबत आणा. "पांढऱ्या झाकणाची होती" एवढ्यावरून मला औषध ओळखता येत नाही.