पोलादाचे अदृश्य कवच

नौकेवरील कठडे, कड्या व दोर बांधावयाचे खुंटे पुष्कळदा स्टेनलेस स्टीलचे असतात. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली याने १९१३ साली असे गंजरोधक पोलाद तयार केले. या पोलादाच्या शंभर भागांत निदान १०.५ भाग क्रोमियम असते. त्याचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांस न दिसणारा पापुद्रा धरतो. तोच या धातूचे कवच होय. परंतु खडबडीत पृष्ठभागाच्या खाचांत समुद्राचे मीठ साचले, की कवच भेदले जाऊन तांबूस डाग उमटतात. म्हणून झिलई केवळ शोभेकरिता नसते.

हे काम घरीही करता येते. प्रथम वस्तू गोड्या पाण्याने धुवावी. मग जाड पॉलिश कागदाने एकाच दिशेने घासावे. पुढचा बारीक कागद घेताना दिशा काटकोनात बदलावी, म्हणजे आधीचे ओरखडे पुरते गेले की नाहीत, हे तत्काळ कळते. उतावळा मनुष्य येथेच फसतो. कारण राहिलेला ओरखडा अखेरच्या झिलईत अधिकच उठून दिसतो. शेवटी मऊ फडक्याने पॉलिश चोळावे. लोखंडी तारेची घासणी मात्र चुकूनही वापरू नये. तिचे कण पृष्ठभागात रुतून गंजतात आणि दोष बिचाऱ्या पोलादास लागतो!