टर्बोची मोटार आणि नवशिका चालक

आपल्या आमोण्यातील कारखान्याची झोतभट्टी आपणांस ठाऊक आहेच. तीत खनिज नि कोक घालून भागत नाही; जोराचा वारा सोडावा लागतो, तेव्हा कोठे लोखंड हाती येते. लोहाराचा भाता हेच काम करतो. मोटारीच्या इंजिनालाही हाच नियम लागू आहे. अधिक पेट्रोल जाळावयाचे तर अधिक हवा हवी. ती बळाने कोंबण्याच्या एका युक्तीचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली घेतले. इंजिनातून वाया जाणाऱ्या तप्त वायूने एक चक्र फिरवावयाचे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून आत धाडावयाची. हाच टर्बो.

परंतु भाता ओढताच निखारा त्याच क्षणी फुलत नाही. ॲक्सिलरेटर दाबला, की आधी वायू वाढावा लागतो, मग चक्राने वेग घ्यावा लागतो. या विलंबात नवशिक्यास वाटते, मोटारीत दम नाही! तो पाय आणखी रेटतो. आणि वळणाच्या आरंभी मागितलेले बळ वळणाच्या मध्यावर एकदम येऊन ठेपते.

१९७४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडलेली पोर्शे ९११ टर्बो याविषयी विशेष कुप्रसिद्ध होती. इंजिन ३ लिटरचे, शक्ती २६० अश्वबळाची, गिअर चारच, आणि इंजिनाचा भार मागच्या चाकांच्याही मागे. मंद वेगात गरीब गाय. चक्र फिरू लागले की निराळेच जनावर. अशा वेळी घाबरून पाय झटकन उचलणे हेच घातक. भार पुढे सरकतो (उतारावर सायकलचा ब्रेक दाबताना हा अनुभव आपण घेतलाच असेल), मागची चाके हलकी पडून पकड सोडतात आणि मोटार गर्रकन फिरते.

२०१३ साली आलेली, चाकण येथे बनलेली पोलो जीटी टीएसआय याहून वेगळी. तिचा टर्बो लहान, म्हणून चटकन फिरणारा. आणि शक्ती पुढच्या चाकांना. वळणात पाय रेटला तर तीच चाके घसरून मोटार वळणाबाहेर जाऊ पाहते. येथे पाय अलगद उचलणे हाच उपाय. म्हणजे एकीत जे मारक, ते दुसरीत तारक! मोटार कोणत्या चाकांनी ओढली जाते, हे नवशिक्याने किल्ली घेण्यापूर्वीच विचारून घ्यावे. गोव्याच्या रस्त्यांवर दरवर्षी तरुण जीव जातात, म्हणून हे लिहावे लागते.

केरीहून चोर्ला घाट चढताना, विशेषतः पहिल्या पावसात रस्ता निसरडा झालेला असता, वेग वळणापूर्वीच कमी करावा, वळणात पाय स्थिर ठेवावा आणि चाके सरळ होऊ लागली म्हणजे हळूहळू दाब वाढवावा. जाणते चालक घाटात एक गिअर खालचा ठेवतात. त्यायोगे चक्र फिरते राहून विलंब थोडका होतो, आणि उतरताना इंजिनच मोटारीस आवरून धरते.