वीराच्या हातून झालेला वध योग्य कधी?

वीरपुरुषांनी केलेल्या वधांविषयी पनवेल परिसरातून आलेल्या पत्रांपैकी तीन शंकांना येथे उत्तर देत आहे.

शंका (शिरढोण) : वासुदेव बळवंत फडके आमच्या गावचे. त्यांनी मुंबईच्या गव्हर्नराच्या शिरावर इनाम लावले होते. एखाद्याला मारण्यासाठी पैसे जाहीर करणाऱ्याला मुलांपुढे आदर्श म्हणून कसे ठेवायचे?

समाधान : त्यांचा संताप कशातून आला, ते आधी पाहू. १८७६ पासूनच्या दुष्काळात दख्खन होरपळत होता. सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या गड्याची मजुरी दिवसाला एक पौंड, म्हणजे जेमतेम साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर एक आणा इतकी खाली आणली. हेच टेंपल पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून सरकारकडे अर्ज केले, पण माणसे मरतच राहिली. अशा वेळी पुण्यातल्या लष्करी हिशेब खात्यात नोकरी केलेल्या फडक्यांनी रामोश्यांना जमवून बंड उभारले. मे १८७९ मध्ये त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांच्या तुकडीने आपल्या पनवेलजवळच्या पळस्पे आणि चिखली येथे दरोडे घातले. लूट घेऊन घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलच्या हल्ल्यात दौलतराव मारले गेले. फडक्यांच्या जाहीरनाम्यात गरिबांना काम द्या, कर कमी करा, बड्या अधिकाऱ्यांचे पगार उतरवा, अशा मागण्या होत्या.

लोक भुकेने मरत असताना आणि अर्ज-विनंत्या वाया गेल्यावर शस्त्र उचलणे मी अनैतिक मानत नाही. मात्र शिरावरच्या इनामाचे समर्थन मी करणार नाही, मग ते सरकारने फडक्यांवर लावलेल्या इनामाला दिलेले उत्तर का असेना. वध क्वचित क्षम्य ठरतो, तो करणारा त्याची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतो म्हणून. इनाम लावले की ते काम कुठल्याही लोभी हातात जाते आणि जबाबदारी कुणाचीच उरत नाही. त्या इनामापायी टेंपल यांचा जीव गेला नाही, ही चांगलीच गोष्ट झाली. फडके स्वतः १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडनच्या कैदेत वारले. त्यांच्या त्यागापुढे नतमस्तक व्हायला त्यांची प्रत्येक कृती बरोबर ठरवावी लागत नाही. मुलांना हे दोन्ही सांगा.

शंका (नवीन पनवेल, शिक्षिका) : चापेकर बंधूंचा धडा शिकवताना एका मुलीने विचारले, रँड जुलमी होता, पण आयर्स्टने काय केले होते? मला उत्तर देता आले नाही.

समाधान : त्या मुलीने नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. प्लेगच्या मोहिमेत पुण्यातल्या घराघरांत, अगदी देवघरापर्यंत सोजीर शिरले. लोकांची अब्रू पायदळी तुडवली गेली. त्या मोहिमेचा प्रमुख रँड होता, त्यामुळे त्याच्यावरचा रोष समजण्याजोगा आहे. पण २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडबरोबर लेफ्टनंट आयर्स्टवरही गोळी झाडली गेली. तो जागीच ठार झाला. रँड ३ जुलैला मेला. आयर्स्टच्या मृत्यूचे समर्थन कोणत्याही कसोटीवर होत नाही. रँडच्या बाबतीतही एक प्रश्न उरतो. घरझडत्यांची मोहीम मे महिन्यातच आटोपली होती. म्हणजे जूनमधला वध कुणाला वाचवण्यासाठी नव्हता, तो झालेल्या जुलमाचा सूड होता. सूड समजून घेता येतो, पण त्याला रक्षणाइतका नैतिक आधार नसतो. चापेकरांनी फासावर जाऊन स्वतःच्या प्राणांनी किंमत चुकवली, म्हणून ते वंदनीय आहेत. त्या मुलीला मात्र स्पष्ट सांगा, ‘आयर्स्टचा मृत्यू अन्याय्य होता.’

शंका (खांदेश्वर, विधी शाखेचा विद्यार्थी) : मग कोणताच वध योग्य नाही, असे म्हणायचे का? अफझलखानाचे काय?

समाधान : असे मी म्हणत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी बचावाचा हक्क आहे. जिवावर बेतले असता हल्लेखोराचा जीव घेण्यापर्यंत तो जातो. पण बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करण्याची मुभा कायदा देत नाही आणि धोका टळला की हा हक्कही संपतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली जे घडले, ते या चौकटीत बसते. खान मोठी फौज घेऊन स्वराज्य बुडवायला आला होता आणि मराठी बखरींनुसार पहिला दगा त्यानेच केला. त्यानंतर शिवाजी महाराजांनी जे केले, तेही तितकेच महत्त्वाचे. शत्रूच्या देहाचे गडाच्या पायथ्याशी दफन झाले. रक्षणासाठी मारणारा मेलेल्याचा द्वेष पुढे चालवत नाही.

तेव्हा कसोट्या चार. ज्याला मारले, त्याच्याकडून इतरांच्या जिवाला त्या क्षणी धोका होता का? दुसरा मार्ग उरला होता का? बळी पडणारा खरोखर जबाबदार होता का? आणि मारणाऱ्याने कृत्याचे उत्तरदायित्व स्वतः घेतले का? चारही उत्तरे अनुकूल असतील, तरच वध योग्य ठरतो. एक जरी प्रतिकूल असेल, तर वीराचे मोठेपणही ती उणीव भरून काढत नाही.

शेवटी एक विनंती. शिरढोणच्या स्मारकाला मुलांना जरूर न्या, पण शेजारच्या उरण तालुक्यातील चिरनेरलाही न्या. २५ सप्टेंबर १९३० रोजी तिथे जंगल सत्याग्रहावर झालेल्या गोळीबारात आठ जण हुतात्मा झाले. शौर्य मारण्यातच असते, असा समज मुलांच्या मनात रुजू देऊ नका.